द चोझन, कॉन्क्लेव्ह आणि थोडी पुस्तकं : बघून, वाचून मला काय वाटलं

उपासना संपली की चहाच्या वेळी कोणी ना कोणी विचारतंच, ताई घरात सगळ्यांनी बसून बघण्यासारखं ख्रिस्ती काहीतरी सांगा ना, मुलं नुसती रील बघत बसतात. मग मी दोन नावं सांगते, घरी गेल्यावर चार अजून आठवतात. म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतेय. माझी आवड आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर भांडण नको, मला दर पाच मिनिटांनी बोध करणारं काही झेपत नाही, मी उठून चहा टाकायला जाते. आणि शेवटी सगळ्यांचं सगळं ठीक होतं, आजारी बरा होतो, दारुड्या सुधारतो, कर्ज फिटतं, असलं तर मुळीच नको. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कितीतरी लोक वर्षानुवर्षं प्रार्थना करताहेत आणि काही मिळालेलं नाहीये, त्यांच्याबद्दल कोण बोलणार?

तर पहिलं द चोझन, येशूवरची इंग्रजी मालिका. बऱ्याच जणांनी नाव ऐकलंय पण बघितली नाहीये, कारण घरातल्या मोठ्यांना वाटतं येशूवर अजून काय नवीन दाखवणार. आमच्या पिढीने दयासागर बघितलाय, 1978 चा तो मूळ तेलुगू सिनेमा, विजयचंदर येशू झाला होता, गावोगावी पडदा बांधून दाखवायचे आणि बाया पदराने डोळे पुसत बघायच्या. त्यातला येशू कायम थोडा वरून बोलल्यासारखा बोलायचा. इथे जोनाथन रूमी आहे तो हसतो, चेष्टा करतो, दमतो, सुतारकाम करताना बोटं चेपतात, लग्नात नाचतो. दिग्दर्शक डॅलस जेंकिन्स. गंमत म्हणजे याचे वडील जेरी जेंकिन्स, लेफ्ट बिहाइंड नावाची शेवटच्या काळाची, लोक गायब होतात वगैरे कादंबऱ्यांची मालिका लिहिणाऱ्या दोघांपैकी एक. बापाने जगाचा अंत लिहिला आणि पोराला मासेमारांच्या घरातली भांडणं दाखवाविशी वाटली. पहिल्या सीझनचे पैसे कुठल्या मोठ्या स्टुडिओने दिले नाहीत, हजारो सामान्य लोकांनी मिळून एक कोटी डॉलरच्या वर जमवले आणि 2019 ला तो आला. त्यांच्या ॲपवर फुकट बघता येते, हिंदी डब पण आहे, पण जमलं तर मूळ आवाजातच बघा, डबिंगमध्ये पेत्र पौराणिक मालिकेतला सेनापती वाटायला लागतो.

पारस पटेल नावाचा मुलगा मत्तय झालाय. आमच्या आत्याने नाव वाचलं आणि पहिला प्रश्न, पटेल म्हणजे आपल्याकडचाच का गं? हो आत्या, भारतीय वंशाचा आहे, अमेरिकेत वाढलेला. त्याचा मत्तय मला फार आवडतो. आकड्यात हुशार, माणसात एकदम गोंधळलेला, डोळ्याला डोळा देऊन बोलत नाही, कपडे कडक इस्त्रीचे, हातात रुमाल. रोमी सरकारसाठी कर वसूल करणारा जकातदार म्हणून गावाने तोंडावर थुंकावं असा माणूस शिष्य झाल्यावर बाकीच्या अकरा जणांना त्याच्याबरोबर जेवायला बसणं किती जड गेलं असेल याचा विचार मी तरी कधी केला नव्हता, आपण संडे स्कूलमध्ये बारा नावं पाठ करतो आणि पुढे जातो. निकदेम या यहुदी धर्मशिक्षकाचं काम केलंय एरिक अवारीने, तोही आपल्याकडचाच, दार्जिलिंगला जन्मलेला पारशी. पहिल्या सीझनच्या शेवटी येशू आणि शिष्य गाव सोडून निघतात, निकदेमला बरोबर यायचं असतं पण बायको आहे, पद आहे, सगळं आयुष्य आहे, तो पैशाची थैली ठेवतो आणि भिंतीआड उभा राहून रडतो, येशूला माहित असतं तो तिथेच आहे, येशू थांबतो, वाट बघतो, आणि मग जातो. बास. ना कोणी त्याला ओढून आणत, ना कोणी शिव्या देत. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, हाच निकदेम नंतर गंधरस आणि अगरू घेऊन कबरेपाशी येतो हे आपल्याला माहित असतं म्हणून तर ते रडणं जास्त लागतं.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रसंग तिसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागात आहे. धाकटा याकोब, बारा शिष्यांतला एक. शुभवर्तमानात या माणसाबद्दल नावापलीकडे जवळजवळ काहीच नाही. जॉर्डन वॉकर रॉस नावाचा नट हे काम करतो आणि त्याला खरोखरच सेरेब्रल पाल्सी आहे, तो लंगडत चालतो, म्हणून मालिकेतला याकोबही लंगडा. आता येशू बाराजणांना दोघं दोघं करून पाठवणार, आजाऱ्यांना बरं करा म्हणणार. सगळे खूश. हा एकटा मागे राहतो आणि विचारतो, तुम्ही मला लोकांना बरं करायला पाठवताय, पण मला मात्र अजून बरं केलेलं नाही. मी तिथे पॉज केलं. कारण हा प्रश्न आपल्या मंडळीत कोणी माईकवर विचारत नाही, विचारला तर लगेच कोणीतरी म्हणणार विश्वास कमी पडतोय. मालिकेत याकोब बरा होत नाही. तसाच लंगडत निघतो आणि दुसऱ्यांना बरं करतो. माझी तक्रार एवढीच की येशूचं उत्तर फार लांबलंय, एकच गोष्ट चार प्रकारे समजावून सांगतो, मला वाटतं पहिल्या दोन वाक्यांवर थांबला असता तर अजून खोल गेलं असतं. लेखकांना प्रेक्षकांवर भरवसा नाही, सगळीकडे हीच अडचण आहे.

चौथा सीझन मला कंटाळवाणा वाटला, स्पष्ट सांगते. थोमा या शिष्याची होणारी बायको रामाह ही बायबलमध्ये नाहीच, यांनी उभी केली आणि मग यांनीच मारली, आणि मग थोमा पुढचे कितीतरी भाग तोंड पाडून फिरतो. त्याच्या संशयाला कारण द्यायचं होतं हे समजतं हो, पण माणसाला संशय यायला मेलेली वाग्दत्त वधूच लागते का. पाचव्यात पुन्हा जोर आला, शेवटचं भोजन थोडं थोडं उलट्या क्रमाने दाखवलंय, आधी शेवट मग त्याच्या आधीचं, आणि मधून येशू मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलतो तो चाबूक. ईस्टरच्या आधीच्या दुःखसहन सप्ताहात बघायला योग्य. ज्यांना "बायबलमध्ये नाही ते दाखवलं" याचा त्रास होतो त्यांनी सोडून द्या, ती मालिका स्वतःच सुरुवातीला सांगते की आम्ही पदरचं घातलंय.

हाउस ऑफ डेव्हिड, दावीद राजावरची मालिका, तिच्याबद्दल थोडक्यात. प्राइमवर आहे. बायबलमधल्या पहिला शमुवेल या पुस्तकाचे अध्याय 15 ते 17 एवढा मजकूर, त्याचे पहिल्या सीझनमध्ये आठ भाग. दावीद ठीक, दिसायला छान, वीणा छान वाजवतो. खरा बघण्यासारखा आहे अली सुलेमानचा शौल, डोकं फिरत चाललेला राजा, कधी दया येते कधी भीती वाटते. राक्षसांचा उगम वगैरे दाखवायला एआय वापरलंय, त्यांनी स्वतः सांगितलंय तसं, आणि ते दिसतं. पोरांना लढाया आवडतील. मी दुसऱ्या सीझनच्या वाटेला गेले नाही अजून.

द किंग ऑफ किंग्ज हा ॲनिमेशन, 2025 च्या ईस्टरच्या आधी आला. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आपल्या मुलाला, वॉल्टरला, येशूची गोष्ट सांगतो अशी रचना. डिकन्सने खरंच स्वतःच्या मुलांसाठी येशूचं चरित्र लिहिलं होतं आणि त्याने ते छापू दिलं नाही, 1934 मध्ये म्हणजे तो जाऊन साठेक वर्षं झाल्यावर ते बाहेर आलं. सिनेमातला वॉल्टर आर्थर राजाच्या नादात तलवार फिरवत असतो, सोबत एक मांजर आहे जे लहान मुलांना आवडणार म्हणूनच घातलंय. सहा ते दहा वयाला उत्तम, त्यापुढची मुलं जांभया देतील. क्रूसाचा भाग त्यांनी सांभाळून केलाय, रक्त दाखवलं नाही पण गोडगोडही केलं नाही. मला मात्र सिनेमाभर वेगळंच आठवत राहिलं, हाच वॉल्टर डिकन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भारतात आला आणि 1863 च्या 31 डिसेंबरला कलकत्त्यात वारला, वय 22. त्या तलवार घेऊन नाचणाऱ्या पोराकडे मग नीट बघवत नाही. हे मुलांना सांगू नका.

आता कॉन्क्लेव्ह. हा काही ख्रिस्ती सिनेमा नाही, म्हणजे चर्चने काढलेला नाही, उलट बऱ्याच जणांना आवडलेला नाही. आपण प्रोटेस्टंट, पोप न मानणारे लोक, आपल्याला काय त्याचं असं आमच्याकडे एका काकांनी म्हटलं, मग तेच काका शेवटपर्यंत बसून राहिले. पोप वारतात, जगभरातले कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालचे मोठे धर्मगुरू, कोंडून घेतले जातात आणि नवीन पोप निवडायचा. एवढीच गोष्ट. पण अहो ज्याने कुणी आपल्या मंडळीची पंच कमिटीची निवडणूक बघितलीय त्याला यातलं काहीही परकं वाटणार नाही! कोपऱ्यात कुजबुज, "मला पद नकोच आहे" म्हणणाराच सगळ्यात जास्त धावतोय, जेवणाच्या टेबलावर भाषेप्रमाणे गट, जुन्या प्रकरणाचा कागद नेमका मतदानाच्या आदल्या दिवशी बाहेर. रेफ फाइन्सचा कार्डिनल लॉरेन्स हा सगळ्याचा व्यवस्थापक, आणि त्याची स्वतःची प्रार्थना सुकलेली आहे, त्याला राजीनामा द्यायचा होता तो मिळाला नाही. तो प्रवचनाला उभा राहतो, कागद बाजूला ठेवतो आणि म्हणतो मला सगळ्यात भीती वाटते ती खात्रीची, संशय असणारा पोप देव आपल्याला देवो. सभेतले चेहरे बघा त्यावेळी.

आणि इसाबेला रोसेलिनी. सिस्टर अ‍ॅग्नेस. अख्ख्या सिनेमात या ननला वाक्यं किती कमी आहेत, पण कार्डिनल लोक जेवत असताना ती येते, एका मोठ्या उमेदवाराचं पितळ उघडं पाडते, आणि बोलून झाल्यावर गुडघ्यात किंचित वाकून नमस्कार करते. तो नमस्कार! सगळा अपमान त्या वाकण्यात आहे. थिएटरमध्ये लोक हसले, आणि आमच्या महिला मंडळाच्या बायका तर जरा जास्तच मोठ्यांदा हसल्या, त्यांना कारण माहिती. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं पण सभेच्या मिनिट्समध्ये नाव नसतं.

बारीकसारीक गोष्टी छान दाखवल्यात, मेलेल्या पोपच्या खोलीला लाल फीत लावून लाखेचं सील, मतपत्रिका सुईदोऱ्यात ओवणं, मग जाळणं. मतदान होतं ते सिस्टीन चॅपल खरं नाही, रोमच्याच स्टुडिओत बांधलेलं. योगायोग असा की सिनेमाला पटकथेचं ऑस्कर मिळालं मार्च 2025 मध्ये आणि पुढच्याच महिन्यात, 21 एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस गेले. मग सगळ्या जगाने तो सिनेमा अभ्यासाचं पुस्तक असल्यासारखा पुन्हा लावला. खऱ्या कॉन्क्लेव्हमध्ये 133 कार्डिनल होते, चौथ्या फेरीत 8 मे ला पोप लिओ चौदावे निवडून आले. गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेराव मतदानाला आत होते, मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस यांना मत नव्हतं कारण 80 पूर्ण झाले की मतदानाचा हक्क जातो. आमच्या वसईच्या मैत्रिणीचं घर त्या दोन दिवसात पांढरा धूर कधी येतो म्हणून नुसतं चॅपलच्या धुराड्याकडे डोळे लावून बसलं होतं.

कॉन्क्लेव्हचा शेवट सांगत नाही. मला तो थोडा घाईचा वाटला, एवढी मोठी गोष्ट शेवटच्या दहा मिनिटात टाकायची आणि पळून जायचं हे बरोबर नाही, पण त्यावरून सिनेमा टाकाऊ ठरवणाऱ्यांशीही मी सहमत नाही. लहान मुलांना घेऊन बसू नका, भीतीदायक काही नाही पण त्यांना काही कळणार नाही.

द फेस ऑफ द फेसलेस हा आपल्याकडचा, 2023 चा, आणि याच्याबद्दल कुणीच बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. सिस्टर रानी मारिया, केरळच्या, मध्यप्रदेशात देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या तावडीतून लोकांना सोडवायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधते. 2017 मध्ये इंदूरला त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. विन्सी अलोशियसने काम जीव लावून केलंय, विशेषतः गावातल्या बायकांबरोबरच्या प्रसंगात ती नन वाटतच नाही, बँकेचा फॉर्म भरून देणारी ओळखीतली बाई वाटते. सिनेमा म्हणून कच्चा आहे, संगीत सारखं सांगतं की आता रडा, आणि सावकार बघताक्षणी सावकार कळतात. तरीही ती राखी बघाच, कारण ती कुणा लेखकाला सुचलेली नाही, घडलेली आहे, आणि क्षमा करणं म्हणजे गुळगुळीत काही नसतं, घशात अडकतं, हे तिथे दिसतं.

पुस्तकांवर येते. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात गेलं की अर्धी भिंत "यशस्वी जीवनाच्या पायऱ्या" छापाची असते, पाळकसाहेबांना भेट मिळतात तीच, त्यांच्याकडून आमच्याकडे येतात. तिथून हात जरा खाली न्या. डॉ. पॉल ब्रँड आणि फिलिप यान्सी या दोघांचं पेन : द गिफ्ट नोबडी वॉन्ट्स, इंग्रजीत आहे, 1993 चं, पण सोपं इंग्रजी. ब्रँड तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले, 1946 नंतर वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करायला लागले. त्यातला एक प्रसंग मी विसरूच शकत नाही, एका गंजलेल्या कुलपात किल्ली फिरत नव्हती, डॉक्टरांच्याने होईना, एक किरकोळ अंगाचा पोरगा म्हणाला मी करतो आणि एका झटक्यात फिरवली. एवढी ताकद कुठून आली म्हणून डॉक्टरांनी हात बघितला तर बोट हाडापर्यंत कापलेलं, आणि पोराला पत्ताच नाही. तिथून त्यांच्या लक्षात येत गेलं की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून माणूस स्वतःच्या हाताची वाट लावतो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडायचे आणि माणूस जागा व्हायचा नाही, मग रोग्यांना घरी जाताना मांजर द्यायला लागले. कुष्ठरोग हा देवाचा शाप असं म्हणणारे आपल्या समाजात अजून आहेत, त्यांच्या हातात हे पुस्तक द्या. शेवटच्या भागात जरा उपदेश वाढतो, पानं उलटलीत तरी चालेल.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल घरात हवंच, राजहंसने काढलंय. आमच्या जुन्या बायबलची भाषा कानाला गोड लागते मला, स्तोत्रं तर मी त्याच्यातच वाचणार, पण तरुण पोरांना नवा करार वाचायला द्यायचा तर दिब्रिटोंचा द्या, टिपा फार कामाच्या आहेत. फादर 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, 2024 च्या जुलैमध्ये गेले. ग्रंथ जाड आहे, बसमध्ये वाचायचा नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे. आता म्हणाल हे काय नवीन सांगतेस, शाळेत धडा होता. धडा होता म्हणूनच सांगते, त्या धड्यामुळे लोकांना वाटतं ही एक गमतीदार आजीबाईंची गोष्ट आहे. अख्खं पुस्तक वाचा. वडिलांचं ते सोवळं, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही, आणि त्याच घरातली ही मुलगी. नवरा नारायण वामन टिळक, कवी, रागीट, खिशातलं दुसऱ्याला देऊन टाकणारा, आणि 1895 मध्ये न सांगता बाप्तिस्मा घेऊन मोकळा. आपल्या प्रवचनात लगेच पुढचं वाक्य येतं की मग लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. मधली पाच वर्षं कुठे गेली? त्या पाच वर्षांत ही बाई रडते, भांडते, माहेरच्या माणसांकडे राहते, नवऱ्याकडे परत येते पण चूल वेगळी ठेवते, आणि कोणाच्या सांगण्यावरून नाही तर एका रात्री स्वतःच विचार करत पडल्या पडल्या ठरवते की जातपात देवाने केलेली नाही, माणसाने केली. मग परक्या जातीच्या हातचं पाणी पिते. बायबल वगैरे त्याच्या नंतर. आणि हे सगळं सांगताना स्वतःला हसते, टिळकांना हसते, दुःखाच्या मध्येच असं एखादं वाक्य टाकते की आपण हसावं का रडावं कळत नाही. साक्ष द्यायला उभं राहिल्यावर जे लोक "आणि त्या क्षणी माझं जीवन बदललं" म्हणतात ना, त्यांना हे पुस्तक सक्तीचं करायला पाहिजे.

मराठी जमत नसलेल्या नातवंडांसाठी शांता गोखल्यांचं इंग्रजी भाषांतर 2017 ला आलंय, तेही चांगलं आहे. विजया मेहतांनी यावर केलेला टीव्हीसाठीचा सिनेमा कुठे सापडला तर बघा, सुहास जोशींची लक्ष्मीबाई आहे. पुस्तक घेताना फक्त एक बघून घ्या, दुकानदार पटकन संक्षिप्त आवृत्ती काढून देतो कारण ती शाळाकॉलेजात खपते, ती परत करा आणि संपूर्ण मागा.